वाजवणं तपासून देणारे नौपाड्यातले सर

गिटार शिकवणारे ठाण्यात पुष्कळ आहेत. घोडबंदर रोडला तर मोठमोठ्या संकुलांत क्लास निघालेत. पण तुम्ही आधीपासून जे वाजवता ते तासभर शांतपणे ऐकून, त्यात नेमकं काय होतंय ते सांगणारं, आणि त्यासाठी सहा महिन्यांची फी आगाऊ न मागणारं ठिकाण मला एकच सापडलं. ते नौपाड्यात आहे, घंटाळी मंदिरापासून चालत जाण्याइतकं जवळ, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. साठी ओलांडल्यावर गिटार गंभीरपणे हातात घेतलेल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नाव आणि नंबर इथे देत नाही. क्लास त्यांच्या राहत्या घरी आहे आणि सरांनीच तशी विनंती केली. नौपाड्यातल्या वाद्यांच्या दुकानात ‘मोठ्या माणसांची गिटार ऐकणारे सर’ एवढं विचारलंत तरी पत्ता मिळेल. मला तसाच मिळाला.

एका तासाचे 900 रुपये. सुरुवातीला सर काही बोलत नाहीत. आपण निवडलेली रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायची, मध्ये अडखळलं तरी पुढे जायचं, आणि मग तीच पुन्हा वाजवायची. ते समोर बसत नाहीत, थोडे उजवीकडे बसतात, म्हणजे त्यांना दोन्ही हात दिसतात आणि आपल्याला त्यांचा चेहरा दिसत नाही. ही बसण्याची जागा त्यांनी विचार करून ठरवलेली आहे. हातात आपण नेलेल्या नोटेशनची झेरॉक्स आणि पेन्सिल. दुसऱ्यांदा वाजवून झालं की कागद आपल्यासमोर ठेवतात आणि एकेका खुणेवर बोलायला लागतात. प्रत्येक खूण ठराविक जागेवर असते: ही ओळ, हा बार (म्हणजे नोटेशनमधला तालाचा एक कप्पा), हे बोट. ‘एकूणात बरं आहे’ असलं वाक्य मी त्यांच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

आता मी तिथे का गेलो ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काहींची अडचण तीच असणार.

माझं उभं आयुष्य वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये गेलं. डाय, पंच, जिग्ज, फिक्श्चर्स, म्हणजे कारखान्याला लागणारे साचे आणि पकडी बनवायचं काम. गिटारचे कॉर्ड मला तिथल्याच एका ईस्ट इंडियन सहकाऱ्याने शिकवले होते, सेकंड शिफ्ट सुटल्यावर, मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसून. लग्न झालं, मुलं झाली, गिटार माळ्यावर गेली. निवृत्तीनंतर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घेतली, स्टाफ नोटेशन वाचायला शिकलो, आणि एकट्याने बसून वाजवू लागलो. खोलीचं दार लावून. बेल वाजली की हात आपोआप थांबायचा. घरच्या ग्रुपवर एक रेकॉर्डिंग टाकलं होतं, तर सगळ्यांनी प्रेमाने कौतुक केलं, भाचीने ‘मामा, या वयात कसलं भारी!’ असं लिहिलं. त्या प्रेमाबद्दल मला तक्रार नाही. पण त्यात माझ्या वाजवण्याबद्दल काहीच नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला ऐकायला आवडतं, पण त्यातलं कळत नाही. ज्यांना कळतं त्यांना विचारा की.’

ज्यांना कळतं त्यांना विचारायची भीती वाटत होती. आता उशीर झालाय, असं कुणीतरी जाणकार माणूस सांगेल ही ती भीती. तरुण मुलाला चूक दाखवली की त्याच्यापुढे सुधारायला चाळीस वर्षं असतात. आपल्याला वाटतं की आपल्या चुका आता हाडात मुरल्यात, त्या ऐकून करणार काय?

मला हलवलं ते माझ्याच कामाच्या सवयीने. टूलरूममध्ये स्वतःचा जॉब स्वतः पास करण्याची पद्धत नसते. कितीही जुना कारागीर असू दे, तुकडा तयार झाला की तो क्यूसीच्या, म्हणजे तपासणीच्या, टेबलावर जातो, दुसरा माणूस त्याच्या मायक्रोमीटरने मोजतो, आणि माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, बाहेर असेल तर रीवर्कची चिठ्ठी लावून परत पाठवतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही. चिठ्ठीवर कारागिराचं वय लिहिलेलं नसतं, फक्त कुठला पृष्ठभाग आणि किती फरक ते असतं. आयुष्यभर हे रोज करून घेतलं, आणि गिटारच्या बाबतीत मात्र मीच बनवणारा, मीच तपासणारा, असं चाललं होतं. हे एकदा लक्षात आलं आणि मी फोन केला.

फोनवर सरांनी विचारलेला पहिला प्रश्न मला फार आवडला. वय विचारलं नाही, किती वर्षं वाजवता हेही नाही. ‘काका, काय वाजवता, आणि त्यातली कुठली जागा तुम्हाला त्रास देते?’ एवढंच. उत्तर द्यायला मला नोटेशन उघडून बघावं लागलं, आणि बघता बघता धास्ती कमी झाली. ‘मी कसा वाजवतो?’ हा प्रश्न घेऊन कुणाकडे जाणं जड जातं, कारण त्याच्या उत्तरात आपण सगळेच्या सगळे येतो. ‘या ओळीत वरचा सूर तुटतो का?’ हा प्रश्न घेऊन जाणं जमण्यासारखं आहे. जे कुणी कचरत असतील त्यांनी आधी असा एक लहान प्रश्न शोधावा, असं मी मनापासून सांगेन.

मी नेलेली रचना म्हणजे स्पॅनिश गिटारवादक आणि रचनाकार फर्नांदो सॉरचा बी मायनरमधला अभ्यास (सरावासाठी लिहिलेली छोटी रचना), ओपस 35 या त्याच्या संग्रहातला 22 वा. सॉर 1778 मध्ये बार्सेलोनात जन्मला आणि 1839 मध्ये पॅरिसला वारला. विसाव्या शतकातला नामवंत स्पॅनिश गिटारवादक सेगोविया याने 1945 मध्ये त्याच्या वीस अभ्यासांचं जे पुस्तक काढलं त्यात हा पाचवा आहे, म्हणून गिटार शिकणाऱ्यांच्या हातात तो हमखास येतो. ऐकायला साधा वाटतो. तीनच्या मोजणीत सारखं झुळझुळणारं पिकिंग, वर संथ धून, खाली खर्ज. अवघड आहे ते हे तिन्ही आवाज वेगवेगळे ऐकू येणं.

माझं काय होत होतं, तर धून आणि मधलं पिकिंग एकाच जोराने वाजत होतं. सरांनी ते तोंडाने सांगितलं नाही. मला फक्त वरची धून वाजवायला लावली, बाकीचे सूर गाळून. मग विचारलं, ‘आता पूर्ण वाजवा, आणि हीच धून तुम्हाला स्वतःला ऐकू येते का ते बघा.’ येत नव्हती. माझी अनामिका तर्जनी-मध्यमेपेक्षा हलकी पडत होती, आणि वरच्या तारेवरचा सूर पुढचा सूर येण्याआधीच मरत होता, कारण डावं बोट मी लवकर उचलत होतो. दोन वेगळी कारणं, दोन वेगळ्या हातांत. घरी हे मी शंभर वेळा ऐकलं असेल, पण वाजवताना माणूस जे वाजवायचंय तेच ऐकत असतो. यावर त्यांनी दिलेला सराव असा: मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, प्रत्येक ठोक्याला एकच सूर, अनामिकेचा सूर मोठा आणि बाकीचे जेमतेम ऐकू येतील इतके. सोबत एक माहिती दिली. सॉर स्वतः उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवरच भर द्यायचा, अनामिका क्वचित वापरायचा. त्याच्या काळात गिटार आजच्यापेक्षा लहान होती आणि तारा आतड्याच्या. नायलॉनच्या तारा आल्या 1940 च्या दशकात. तेव्हा धून अनामिकेनेच वाजवली पाहिजे असं नाही, पण ज्या बोटाने वाजवाल त्याला ते वजन शिकवलं पाहिजे.

दुसरी खूण लयीवर होती. सोप्या बारमध्ये मी पुढे पळत होतो आणि दुसऱ्या फ्रेटवरची बारे आली की मागे पडत होतो. फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या दांडीवरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्या, आणि बारे म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा एकदम दाबायची पकड. बारेला माझा डावा अंगठा नेकच्या मागे इतका जोरात दाबला जायचा की मनगट ताठ व्हायचं. तिथे सर वयाबद्दल बोलले, एकदाच, आणि कामापुरतं. सकाळी उठल्या उठल्या बारे धरू नका, आधी कोमट पाण्यात हात शेकून मोकळ्या तारांवर दहा मिनिटं घालवा. सलग तासभर बसू नका, वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. बोटात वेदना किंवा मुंग्या आल्या तर गिटार खाली ठेवून डॉक्टरांना दाखवा, रेटू नका. हे सांगताना त्यांच्या आवाजात सूट नव्हती आणि कीवही नव्हती.

पण मी ज्यासाठी त्यांना कायमचा मानतो ती गोष्ट वेगळीच आहे. बारेच्या त्या जागेवर माझी बोटं तपासून झाल्यावर त्यांनी गिटार मागितली, नेकवरून एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘काका, यातला थोडा त्रास तुमचा नाही, गिटारचा आहे. ॲक्शन उंच आहे.’ ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. ती बाराव्या फ्रेटवर मोजतात. क्लासिकल गिटारला जाड सहाव्या तारेखाली साधारण 4 मिलिमीटर आणि बारीक पहिल्या तारेखाली 3 मिलिमीटर हे नेहमीचं माप. त्यांनी स्टीलची पट्टी लावली. मी दुसऱ्या दिवशी घरी माझ्या फीलर गेजने पक्कं मोजलं: सहाव्या तारेखाली 4.8. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की लाकूड ती शोषून फुगतं, वरची फळी किंचित वर येते, तिच्यासोबत ब्रिज (तारा जिथे बांधतात तो तुकडा) वर येतो आणि तारा उचलल्या जातात. मला वाटत होतं माझी बोटं दुबळी झालीत.

यावरचा उपाय सांगताना सरांनी जे गणित मांडलं ते ऐकून मला आमच्या टूलरूमची आठवण झाली. बारावा फ्रेट नट आणि सॅडल, म्हणजे तारांना वरच्या आणि ब्रिजकडच्या टोकाला आधार देणाऱ्या पट्ट्या, यांच्या बरोबर मध्यावर असतो. माझ्या गिटारची तारेची लांबी 650 मिलिमीटर, म्हणजे बारावा फ्रेट 325 वर. त्यामुळे तिथे उंची जेवढी कमी करायची, त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं. मला 0.8 कमी करायचे होते, म्हणजे सॅडलखालून 1.6. ते म्हणाले, दुकानात देऊ शकता, ते करून देतात. मी म्हटलं, सर, हे काम माझं. घरी सपाट काचेवर एमरी पेपर चिकटवला, हाडाची ती पट्टी तळाच्या बाजूने थोडी थोडी घासली, प्रत्येक वेळी व्हर्निअरने मोजलं. एकदम सगळं काढायचं नाही हे त्यांनी बजावलं होतं, कारण पावसाळा संपून हवा कोरडी झाली की तारा पुन्हा खाली बसतात. म्हणून मी 1 मिलिमीटर काढून थांबलो आणि जुन्या उंचीची दुसरी पट्टी हिवाळ्यासाठी करून ठेवली. त्यानंतर ती बारे निम्म्या जोरात वाजते. ज्यांना एकट्याने शिकताना ‘आता वय झालं’ असं वाटतंय, त्यांनी त्याआधी आपल्या गिटारची ॲक्शन कुणाकडून तरी मोजून घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यासोबत महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी बैठक असते. तिचे पैसे वेगळे नाहीत. सात-आठ माणसं, सगळी मोठ्या वयाची, सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बसलेली. प्रत्येकाने एक रचना वाजवायची आणि बाकीच्यांनी बोलायचं. नियम असा की ‘छान’, ‘सुंदर’ म्हणायचं नाही. आपण काय ऐकलं किंवा पाहिलं ते सांगायचं आणि कुठल्या जागी ते सांगायचं. गिटारमधलं कळत नसलं तरी चालतं. या बैठकीला मी एकट्या तासापेक्षाही जास्त घाबरून गेलो होतो. कळव्याहून येणाऱ्या एक बाई आहेत, निवृत्त परिचारिका, गिटार अगदी नवी. माझं वाजवून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘भाऊ, दुसऱ्या ओळीच्या शेवटी तुमचा श्वास थांबतो. ती जागा संपल्यावर तुम्ही एकदम सोडता.’ सरांनी काही न बोलता मला पुन्हा वाजवायची खूण केली. श्वास चालू ठेवून वाजवलं तेव्हा त्या जागची घाई गेली. वर्षानुवर्षं आजारी माणसांचा श्वास मोजलेल्या बाईंना ते दिसलं, उत्तम वाजवणाऱ्या माणसालाही कदाचित दिसलं नसतं. त्यांच्या वाजवण्यात मीही एक जागा सांगितली, त्यांचा अंगठा खर्जाच्या तारेवर प्रत्येक वेळी वेगळ्या कोनातून पडत होता. त्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्याचं इतक्या लक्षपूर्वक ऐकायची सवय लागली की स्वतःबद्दल ऐकून घेणं सोपं जातं, हे मला त्या बैठकीत पटलं.

बाहेरच्याकडून मत घेण्याचा दुसरा रस्ता म्हणजे परीक्षा. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे होतात, त्यांना वयाची वरची मर्यादा नाही. शंभरपैकी 60 ला पास, 75 ला मेरिट, 87 ला डिस्टिंक्शन, आणि परीक्षक लेखी शेरे देतात. सरांकडची काही मंडळी त्या देतात. चांगली गोष्ट आहे, पण पहिलं पाऊल म्हणून मी ती सुचवणार नाही. परीक्षक एकदा ऐकतो, लिहितो आणि जातो. शेऱ्याचा अर्थ विचारायला समोर कुणी नसतं. आधी अशा तासात बसून आपल्या वाजवण्याबद्दल बोलायची भाषा अंगी आली की मग परीक्षेचा कागद उपयोगी पडेल. मलाही पुढच्या वर्षी बसायचंय. आणि एक, उशिरा शिकणाऱ्याला लोक सेगोविया नव्वदीतही मैफली करायचा हे ऐकवतात. तो लहानपणापासून वाजवत होता. त्याच्या उदाहरणाने मला कधी धीर आला नाही, बारेची जागा दाखवून दिल्यावर आला.

उणिवाही आहेत. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना अरुंद व उंच पायऱ्यांचा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, सरांना आधी सांगितलं तर खाली उतरून गिटार वर नेतात. वेळ बहुधा अर्धा तास पुढे सरकते, कारण आधीच्या माणसाचं बोलणं ते तोडत नाहीत. शेजारच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी लहान मुलांचा तबल्याचा क्लास भरतो आणि भिंतीतून ठेके येतात, म्हणून दुपारची वेळ मागा. कागदावरचं त्यांचं अक्षर लागायला कठीण आहे, तिथे असतानाच वाचून घ्या. तासाचं रेकॉर्डिंग करू द्यावं असं मी सुचवलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं, मग माणूस त्या वेळी ऐकत नाही. मला हे पूर्ण पटलेलं नाही. आमच्या वयात सांगितलेलं सगळं डोक्यात राहतंच असं नाही, निदान सराव दाखवतात तेवढा भाग तरी रेकॉर्ड करू द्यावा.

कोणासाठी नाही ते पण सांगतो. गिटार अजून हातातच धरली नसेल तर आधी नेहमीचा क्लास लावा. कार्यक्रमात पटकन दोन गाणी बसवून हवी असतील तरी इथे जाऊ नका. दोन-चार रचना स्वतः बसवल्या आहेत, पुढे काय अडतंय ते कळत नाही, आणि कुणाला दाखवायचं धाडस होत नाही, अशांनी जावं. 900 रुपयांत मला जे मिळालं ते मी एकट्याने कितीही बसलो असतो तरी मिळालं नसतं.

स्टेशनवरून चालत जाता येतं. वर्तकनगरच्या बाजूने येणाऱ्यांनी रिक्षा करावी, मोठी गिटार शेअर रिक्षात अवघडते. गाडी आणू नका, लावायला जागा नाही. फोन दुपारी उचलत नाहीत, रात्री आठनंतर करा. फूटस्टूल तिथे आहे, कॅपो-ट्यूनर आपला न्या. नोटेशनच्या दोन प्रती न्या. एक आपल्याला खुणांसकट परत मिळते, दुसरीवर ते त्याच खुणा करून स्वतःकडे ठेवतात आणि पुढच्या वेळी तीच समोर घेऊन बसतात.